मुक्तिसंग्रामातील नोंद नसलेल्या माणसांसाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
नांदेड.

विषय : मराठवाडा मुक्तिसंग्रामात मदत केलेल्या, परंतु कोठेही नोंद नसलेल्या स्त्री-पुरुषांची नावे गावदप्तरी घेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही उमरी तालुक्यातील ग्रामस्थ विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो की, १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी आमच्या भागावर निजामाचा अंमल आणि रझाकारांची दहशत आणखी १३ महिने राहिली. पोलीस अ‍ॅक्शननंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. म्हणूनच आमचे गाव दोन्ही दिवशी झेंड्याखाली जमते.

स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, हुतात्मा गोविंदराव पानसरे यांना आम्ही दरवर्षी वंदन करतो. ३० जानेवारी १९४८ च्या उमरी बँकेच्या लुटीचीही आठवण निघते. पण करोडगिरीचे नाके जाळणाऱ्यांना रात्री आसरा कोणी दिला, भाकरी कोणी थापल्या, हे कोणत्याच कागदावर नाही. आमच्या गावातील एक आजी तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या. कडब्याच्या पेंढीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून त्या शेतात नेऊन ठेवत. कोणासाठी, हे विचारायची घरात बंदी होती.

स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचा किंवा वॉरंटचा पुरावा लागत असे. भाकरी नेणाऱ्या मुलीकडे तो कोठून असणार? आम्हाला निवृत्तिवेतन नको, नाव हवे.

तरी १७ सप्टेंबरपूर्वी प्रत्येक गावात विशेष ग्रामसभा घेऊन, वयोवृद्धांच्या सांगण्यावरून अशी नावे ठरावाने नोंदवावीत आणि ध्वजारोहणानंतर ती वाचली जावीत. हयात वृद्धांचे कथन ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे काम मात्र आजच सुरू व्हावे. ते पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही. तसेच कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निजामकालीन उर्दू व मोडी दप्तर उघडले गेले. वाचणारे जाणकारही त्या वेळी मिळाले. त्याच दप्तरात सत्याग्रहींवरचे खटले, अटकेच्या व तुरुंगाच्या नोंदी आहेत का, हेही तपासण्याचे आदेश व्हावेत.

उर्दू जाणणारे आमच्या तालुक्यातील निवृत्त शिक्षक या कामी विनामोबदला बसण्यास तयार आहेत. आपण बसण्याची जागा आणि परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ, ता. उमरी, जि. नांदेड