घराचे अंदाजपत्रक : सही करण्यापूर्वी वाचा

आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेल्या माणसाला फंडाचे पैसे हातात आले की पहिला विचार घराचाच येतो. आमच्या शेजारचे भाऊ एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनीही गावची पडकी भिंत उतरवून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी असे ५०० चौरस फुटांचे पक्के घर बांधायचे ठरविले. त्यांच्याकडे दोन ठेकेदारांचे कागद आले. एकाचा दर चौरस फुटाला १,५०० रुपये, दुसऱ्याचा १,७५०. पहिला कागद एका पानाचा, दुसरा चार पानांचा. भाऊंनी दर पाहिला आणि पहिल्याला बयाणा दिला.

घर उभे राहिले. परंतु हिशेबाच्या दिवशी ठेकेदाराने सज्जे व जिना धरून स्लॅबचे माप ५८० चौरस फूट काढले. ८० फुटांचे १,२०,००० रुपये वाढले. जोत्यातील मुरमाची भर ४०,०००, संडासाची टाकी ४५,०००, लाईट फिटिंग ३५,०००, ओटा व मोरी २०,०००. साडेसात लाखांचे घर दहा लाख दहा हजारांना पडले. दुसऱ्याच्या चार पानांत ही सारी कामे लिहिलेली होती आणि त्याची एकूण रक्कम ८,७५,००० होती. धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली ठेव भाऊंना मोडावी लागली.

ठेकेदाराने फसविले, असे भाऊ म्हणतात. आम्ही तो कागद नीट पाहिला. त्यात खोटे काही नव्हते. त्यात काहीच नव्हते. “घर बांधून देणे, दर १,५००” एवढ्यावर दोघांनी आपापल्या मनातले घर पाहिले. म्हणून अंदाजपत्रक कसे वाचावे, हे या वेळी सांगत आहोत.

पहिला प्रश्न : दर मजुरीचा की मालासकट? नुसत्या मजुरीचा असेल तर सिमेंट, लोखंड, विटा, वाळू आपण आणायची. मग सेंटरिंगच्या प्लेटा, मिक्सर, पाणी आणि वीज कोणाकडे, हे लिहून घ्यावे. मालासकट असेल तर जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न : माप कशाचे? भिंतीच्या आतील जागेचे, भिंती धरून बाहेरचे, की स्लॅबचे? तीनही मापे वेगळी येतात. सज्जा, जिना, ओटी पूर्ण मोजणार की अर्धी, हे नकाशावर आकडा घालून ठरवावे.

तिसरी गोष्ट : प्रत्येक कामापुढे चार रकाने हवेत. परिमाण, एकक, दर आणि रक्कम. खोदकाम, पाया, जोते, कॉलम-बीम, वीटकाम, स्लॅब, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, नळकाम, वीज, रंग अशी ओळीने कामे असावीत. “एकूण” किंवा “ठोक” असा शब्द जिथे दिसेल तिथे थांबून त्यात काय काय येते ते विचारावे. दहावीतल्या मुलाकडून सर्व गुणाकार तपासून घ्यावेत. लांबी-रुंदीची गणिते तो शाळेत करतोच. इथे ती घरच्या कामी येतील.

एकके समजून घ्यावीत. वाळू व खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा १० फूट लांब, ५ फूट रुंद असेल आणि माल २ फूट उंच भरला असेल, तर तो एक ब्रास. माल उतरण्यापूर्वी टेप लावावा. सिमेंटची गोणी ५० किलोची. लोखंड किलोवर असते. १२ मीटर लांबीची १२ मिलीमीटर जाडीची सळई सुमारे साडेदहा किलो भरते, ८ मिलीमीटरची पावणेपाच किलो. पाच-दहा सळया वजनकाट्यावर घालून पाहिल्या की काय ते कळते.

चौथी गोष्ट मालाच्या दर्जाची. “चांगल्या प्रतीचा माल” या शब्दांना अर्थ नाही. सिमेंट व लोखंड कोणत्या कंपनीचे, स्लॅबच्या काँक्रीटचे प्रमाण काय, ते लिहावे. स्लॅबला एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी हे प्रमाण मागावे. फरशी चौरस फुटाला किती रुपयांपर्यंतची, नळ किती, बल्बचे व पंख्याचे पॉईंट किती, हे आकड्यांत हवे. इथे घरातील भगिनींनी पुढे यावे. ओटा किती उंच, मोरी कुठे, मांडणी किती फुटांची, हे त्यांनाच ठाऊक असते आणि नेमके तेच कागदातून सुटते.

पाचवी गोष्ट : जादा काम. काम चालू असताना “एवढे करून टाका” असे तोंडी सांगू नये. आधी दर लिहावा, दोघांनी सह्या कराव्यात, मगच काम.

शेवटची गोष्ट पैशाची. बयाणा थोडा द्यावा. पुढील हप्ते पाया, जोते, स्लॅब, गिलावा असे टप्पे पूर्ण झाल्यावर द्यावेत आणि प्रत्येकाची पावती घ्यावी. शेकडा पाच ते दहा रक्कम राखून ठेवावी. एक पावसाळा गेल्यावर, गळती नाही असे पाहून ती चुकती करावी. हेही करारात लिहिलेले असावे. रमाई आवास योजनेतून घर बांधणाऱ्यांनी अधिक जपावे. तेथे अनुदान कामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळते. ठेकेदाराचे हप्ते त्याच टप्प्यांशी जुळवले नाहीत, तर मधल्या काळात व्याजाने पैसे काढण्याची पाळी येते.

कागद मागितला तर ठेकेदार रागावेल, अशी भीती अनेकांना वाटते. आपल्यातही कितीतरी बांधव गवंडी आहेत, सेंटरिंगचे, रंगाचे ठेके घेतात. त्यांना विचारा. स्पष्ट कागदामुळे त्यांचेही पैसे बुडत नाहीत. प्रामाणिक ठेकेदाराला लेखी कागदाची अडचण नसते.

भाऊंच्या घराचा बाहेरचा गिलावा अजून बाकी आहे. मुलीची फी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून भरली. तिचे शिक्षण थांबू दिले नाही. गिलाव्याचा कागद मात्र या वेळी त्या मुलीनेच वाचला आणि चार ठिकाणी पेन्सिलीने खुणा करून परत पाठविला.