विश्लेषण : सामना पाहायला नागपूरला यायचे, तर नेमके काय पाहायचे?

इंग्लंडमधील कोणत्याही परगण्याच्या पर्यटन पुस्तिकेत किल्ले, चर्च यांच्या सोबतीने क्रिकेट आणि घोड्यांच्या शर्यती हमखास असतात. केंटमधील 'कँटरबरी वीक' हा क्रिकेटचा आठवडा १८४२ पासून भरतो. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आहे (२०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५). तरीही 'क्रिकेट पाहायला नागपूरला जाऊ' असे बाहेरगावचा माणूस सहसा म्हणत नाही. असे का?

आंतरराष्ट्रीय सामने किती मिळतात?

मोजकेच. बीसीसीआय सामने आळीपाळीने वेगवेगळ्या केंद्रांना देते आणि केंद्रे भरपूर आहेत. जामठ्यात मार्च २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकदिवसीय सामना झाला, त्यानंतरचा थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये, इंग्लंडविरुद्ध. कसोटीचेही तसेच. नोव्हेंबर २०१७ नंतर पुढची कसोटी फेब्रुवारी २०२३ मध्ये. तीही तीन दिवसांत संपली. २०१५ ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटीही तिसऱ्याच दिवशी आटोपली होती आणि त्या खेळपट्टीवर आयसीसीने 'खराब' असा शेरा मारला. पाच दिवसांचे हॉटेल घेऊन आलेल्याने उरलेले दोन दिवस काय करायचे? ताडोबा, दुसरे काय!

आयपीएल का नाही?

नागपूरचा स्वतःचा संघ नाही. २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सचे काही सामने इथे झाले. २०१६ मध्ये पंजाब संघाचे सामने ठरलेही होते. पण दुष्काळात मैदानांवर पाणी खर्च करण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. एप्रिल-मे महिन्यातले नागपूरचे ऊन पाहता दुपारच्या सामन्याचा हट्ट कोणी धरेल असेही नाही.

अडचण मैदानाची की रस्त्याची?

रस्त्याची. सिव्हिल लाइन्समधील जुने मैदान शहराच्या मध्यात. १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅट्ट्रिक आणि सुनील गावस्कर यांचे एकमेव एकदिवसीय शतक तिथल्याच एका सामन्यातले. २००८ मध्ये मोठे सामने सुमारे ४५ हजार आसनांच्या जामठा स्टेडियमवर गेले. मैदान देखणे आहे, पण वर्धा मार्गावर शहराबाहेर. दिवस-रात्र सामना संपला की हजारो गाड्या एकाच वेळी एकाच रस्त्यावर येतात. मेट्रो खापरीपर्यंत पोहोचली आहे; मिहान ते बुटीबोरी हा टप्पा दुसऱ्या टप्प्यातला, ज्याचे भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. सॉमरसेट परगण्यातील टाँटनला प्रेक्षक स्टेशनातून चालत मैदानात जातो. इथे बाहेरगावच्या प्रेक्षकाला तिकिटाआधी परतीच्या गाडीची सोय बघावी लागते.

मग पाहुण्याने काय पाहावे?

रणजी. फेब्रुवारी २०२५ चा उपांत्य सामना इथेच झाला, त्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले. पुढे केरळविरुद्धची अंतिम लढतही जामठ्यातच. ती अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीतील एका हंगामाचा विक्रम मोडला. या दर्जाचा खेळ रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो, हे खटकणारे आहे. रणजीचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यापर्यंत ते पोहोचवायला नवे स्टेडियम बांधावे लागत नाही.

आणि क्रिकेटपलीकडे?

शंकरपट. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाड्या एकमेकींशी धावतात, तर विदर्भातल्या पटात बैलजोडी घड्याळाशी. काही सेकंदांत निकाल लागतो. २०१४ च्या बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध. बैलांच्या छळाचा प्राणिप्रेमींचा आक्षेप मात्र कायम आहे, म्हणून अटी पाळल्या जातात का, हे तिथे जाणाऱ्यानेही पाहावे. गर्दीचे म्हणाल, तर पटाला ती जमवण्यासाठी जाहिरात करावी लागत नाही.