नोकरी म्हणजे गुलामी? इतिहास तसे सांगत नाही

एक चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरत येते: ‘नोकर’ या शब्दातच गुलामी आहे, म्हणून स्वाभिमानी मराठी तरुणाने नोकरी करू नये. व्यवसाय अवश्य करावा. त्यासाठी शब्दाचा खोटा इतिहास रचू नये.

हा शब्द मंगोल भाषेतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. मूळ ‘नोकोर’ म्हणजे साथीदार. तरुण तेमुजीनचे, म्हणजे पुढच्या चंगीझखानाचे, आठ घोडे चोरीस गेले, तेव्हा वाटेत भेटलेला बोओरचू आपण होऊन त्याच्यासोबत निघाला. घोडे सापडल्यावर त्याने वाटाही नाकारला. असा माणूस म्हणजे नोकोर!

हिंदुस्थानात नोकरी म्हणजे दीर्घकाळ प्रामुख्याने लष्करी सेवा. मराठी फौजेत बारगिराला सरकारी घोडा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई, म्हणून त्याचा पगार अधिक. धनी पटला नाही तर तो दुसऱ्याचा पदर धरी. (लढाईत घोडा पडला तर नुकसानही त्याचेच, हे विसरू नये.)

उलट, गुलामगिरीसाठी त्याच काळच्या मराठीत निराळे शब्द होते: गुलाम, बटीक, कुणबीण. कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवेकालीन कागदपत्रांत आहेत. ज्या बाईची किंमत ठरवून तिला विकले, तिच्या आणि पगारी कारकुनाच्या अवस्थेला एकच नाव देणे हा त्या बाईचा अपमान आहे.

आता नागपूर पाहा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला. देशातील नोंदलेल्या सर्वांत जुन्या संपांपैकी तो एक. त्याच मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी आला. गुलामाला दर विचारता येत नाही आणि त्याच्या म्हातारपणाची तरतूद लेखी होत नाही.

घरगड्याला ‘नोकर’ म्हणू लागल्याने शब्दाचे तेज उतरले, हे मान्य. पण बोलीचा कान अजून शाबूत आहे. आपल्याकडे ‘नोकरी लागते’. कंत्राटावरचा मुलगा मात्र ‘एका ठिकाणी कामाला आहे’ असे सांगतो. त्या मुलाला गुलामीची भीती घालणाऱ्यांनी एकदा त्यालाच विचारावे, त्याला नेमके काय हवे आहे.