बंदुकीचा रंग आणि बंदुकीची गरज

माझा एक माजी विद्यार्थी परवा घरी आला होता. आता तो गावाकडे शेती आणि ठेकेदारी पाहतो. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. परदेशातील कोणा हौशी माणसाने आपल्या पंप-अ‍ॅक्शन बंदुकीवर पानाफांद्यांचे ठसे उमटवून तिला हिरवट-मातकट रंग दिला होता. "सर, परवाना मिळाला की मीही अशीच रंगवून घेणार," तो म्हणाला. बंदूक कशासाठी हवी, असे विचारताच उत्तर आले, "सर, आपल्याकडे माणसाला वजन लागतं."

या उत्तराचा विचार करावयास हवा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्याने चित्रकारांना हाताशी धरून तोफा दडविण्याची ही कला पद्धतशीरपणे वापरली. वस्तूची बाह्यरेषा मोडावयाची, चकाकी मारावयाची, म्हणजे ती परिसरात मिसळून जाते. परदेशात बदकांची शिकार करणाऱ्यास त्याचा उपयोग असेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मज्जाव केला. पाटोदा तालुक्यात नायगावला तर मोरांसाठी अभयारण्य आहे. मग ही बंदूक लपावयाची कोणापासून? वस्तुतः ती लपण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठीच रंगवावयाची आहे.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. परंतु दिखाऊ बंगला आणि दिखाऊ बंदूक यांत एक मूलभूत फरक आहे. शेजाऱ्याच्या बंगल्याने आपली झोप उडत नाही. शेजाऱ्याच्या बंदुकीने उडते. एकाने घेतली की दुसऱ्यास घ्यावीशी वाटते, आणि अखेरीस दोघांचाही खर्च होऊन सुरक्षितता मात्र कोणाचीच वाढत नाही.

बीड जिल्ह्यात असे परवाने १,२०० हून अधिक होते, हे ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाल्यानंतर चव्हाट्यावर आले. त्यानंतर प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कोणी म्हणेल, ती हत्या बंदुकीने झालीच नव्हती. ते खरे आहे. पण पवनऊर्जा कंपनीकडे २ कोटींची खंडणी मागितल्याचा आरोप ज्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, त्यातून दहशतीलाही येथे बाजारभाव आहे, हेच दिसते. कमरेची बंदूक ही त्या बाजारातील जाहिरात होय.

कायदा याबाबत मुका नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार विनापरवाना नळी आखूड करणे किंवा बंदुकीवरील ओळखखूण पुसणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली आणि मिरवणुकीत, लग्नात निष्काळजीपणे बार उडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितले. मात्र त्याच कायद्याने पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची गरजही मान्य केली आहे. रानडुकरांनी उभे पीक लोळविलेल्या, वस्तीवर एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याची भीती खोटी नाही. त्याचा अर्ज आणि 'वजना'साठी केलेला अर्ज एकाच तागडीत तोलला जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून परवाने रद्द करण्याची मोहीम एका हत्येच्या संतापापुरती राहू नये. नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी गरज नव्याने सिद्ध करावयास लावावी. कोणत्या कारणासाठी किती परवाने दिले, याचा तालुकावार गोषवारा दरवर्षी जाहीर व्हावा. आणि पोलिसांची गस्त वस्तीपर्यंत, नुकसानभरपाई बांधापर्यंत वेळेवर पोहोचावी. संरक्षण ही सरकारने सर्वांना पुरवावयाची सेवा आहे. ती ऐपतीप्रमाणे ज्याने त्याने विकत घ्यावयाची ठरली, तर दरवर्षी कोयता घेऊन परमुलखात ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या हजारो कुटुंबांनी ती कोठून आणावी?

माझ्या विद्यार्थ्याला मी हेच विचारले. तो काही बोलला नाही. त्याने मोबाइल खिशात घातला. त्याने अर्ज केला की नाही, हे मला ठाऊक नाही. पण त्याला वजन मिळविण्याचा दुसरा मार्ग दिसत नसेल, तर त्या अपयशात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे.