कुठे उतरणार?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की शाळेच्या फाटकापाशी पालकांच्या गप्पांचा विषय बदलतो. कोणाची अम्मी दुबईला मुलाकडे निघालेली असते, कोणाची भाभी मुलांना घेऊन शारजाला, तर कोणाचे अब्बा उमऱ्याला. रत्नागिरी-रायगडपासून मुंब्रा-भिवंडीपर्यंत आपल्या कितीतरी घरांना आखात आता परका मुलूख वाटत नाही. म्हणूनच व्हिसाच्या अर्जासोबत किंवा विमानतळाच्या खिडकीवर ‘तुम्ही राहणार कुठे? पुरावा दाखवा’ असे कोणी विचारले की आपल्या माणसांना ते लागते. “सख्ख्या मुलाकडे जायला पुरावा कसला?” हा सवाल आम्ही अनेक घरांत ऐकला. या महिन्यात त्याविषयीच लिहावे असे वाटले.

आईचा मुलाच्या घरावर हक्क आहे, हे तिला ठाऊक आणि मुलालाही ठाऊक. खिडकीमागे बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र ते ठाऊक नसते. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: हा माणूस ठरल्या दिवशी परत जाणार का, तोवरचा खर्च त्याला झेपणार का, आणि तो राहणार कुठे. मुक्कामाचा पत्ता मागण्यामागे हिशेब साधा आहे. काही बरेवाईट झाले तर हा माणूस कुठे सापडेल आणि त्याची जबाबदारी कोण घेईल, एवढे त्यांना जाणून घ्यायचे असते.

ही विचारपूस फक्त आपल्याच लोकांची होते असे समजू नये. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहायला जायचे असेल, तर मुलाला आधी आपल्या नगरपालिकेत जाऊन पाहुणे ठेवण्याचा दाखला घ्यावा लागतो. घराची मालकी किंवा भाडेकरार दाखवावा लागतो, पाहुण्यांना पुरेशी जागा आहे हे सांगावे लागते, आणि त्यासाठी ३० युरोंचे सरकारी तिकीट लागते. घर प्रत्यक्ष पाहायला माणूस पाठवण्याचा अधिकारही महापौराला आहे.

बऱ्याचदा हा प्रश्न परदेशात पोहोचण्याआधी मुंबईतच, विमान कंपनीच्या काउंटरवर विचारला जातो. त्याचे कारण असे की, प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय हवाई नियमांप्रमाणे विमान कंपनीवर येते. म्हणून काउंटरवरची मुलगी आधीच कागद तपासते. तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दुबईच्या बाबतीत २०२४ साली ही तपासणी एकदम कडक झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हिसा हातात असूनही काही भारतीय प्रवाशांना विमानात बसू दिले गेले नाही, तर काही जण दुबईच्या विमानतळावर अडकून पडले. त्यांच्याकडे तीन गोष्टी मागितल्या जात होत्या: परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा, आणि एका महिन्याच्या व्हिसासाठी ३,००० दिरहम, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळजवळ ६८ हजार रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मुक्कामाचा आणि परतीच्या तिकिटाचा कागद व्हिसाच्या अर्जासोबतच जोडायला सांगू लागले. एरवी सहज मिळणारे व्हिसा त्या दिवसांत मोठ्या संख्येने नाकारले गेले. तिकिटे आधी काढून ठेवलेल्यांचे पैसे बुडाले ते वेगळेच.

पुरावा म्हणून दोनच गोष्टी चालतात. एक, हॉटेलचे पक्के आरक्षण. दुसरी, नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याच्या घराचे कागद: भाडेकराराची प्रत, त्याच्या एमिरेट्स आयडीची प्रत, रेसिडेन्स व्हिसाची प्रत, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. दुबईत भाडेकरार सरकारी नोंदणीत चढवावा लागतो. त्या नोंदणीचे नाव ‘इजारी’, अरबीत ‘माझे भाडे’. उर्दूतला आणि आपल्या जुन्या मराठी दप्तरांतला ‘इजारा’ याच घराण्यातला शब्द. अबुधाबीत अशाच नोंदणीला ‘तौसीक’ म्हणतात. उर्दू जाणणाऱ्यांना अर्थ सांगायला नकोच, तौसीक म्हणजे खातरजमा. मालकाशी तोंडी ठरलेले भाडे इथे उपयोगाचे नाही, नोंद झालेला करार लागतो.

नाते दाखवायलाही काहीतरी जवळ असावे. आपल्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे छापलेली असतात. मुलाच्या पासपोर्टच्या त्या पानाची झेरॉक्स अम्मीजवळ असली, तर बरेच काम होते. फक्त त्या पानावरचे नाव आणि अम्मीच्या स्वतःच्या पासपोर्टवरचे नाव जुळते का, हे महिनाभर आधी बघून घ्या. आपल्याकडे एकाच बाईचे नाव रेशनकार्डावर एक, निकाहनाम्यात दुसरे आणि मुलाच्या कागदांवर तिसरे असते. कुठे ‘बी’ लागते, कुठे ‘बेगम’, कुठे आडनाव गळते. घरात त्याने फरक पडत नाही, पण खिडकीवर पडतो.

इथवरची गोष्ट कागदांची झाली. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही.

देरा, सतवा, करामा या भागांत आपली कितीतरी मुले बेडस्पेसवर राहतात. म्हणजे एका खोलीत सहा-आठ जण, दुमजली पलंग आणि भाड्याने घेतलेली फक्त एक गादी. कुठे प्लायवूड ठोकून एका खोलीच्या तीन केलेल्या असतात. यात कमीपणा काही नाही. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांचीच ही नातवंडे. पण मुंबईच्या खोलीत गावाहून आलेला अब्बाही पथारी टाकू शकत होता. दुबईच्या बेडस्पेसवर अम्मी राहू शकत नाही, आणि त्या मुलाच्या नावावर भाडेकरारही नसतो. करार दुसऱ्याच कोणाच्या नावावर असतो. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा, असे दुबईच्या जमीन विभागाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सांगितले होते. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या नगरपालिकेने विनापरवाना पार्टिशन घातलेल्या खोल्यांविरुद्ध मोहीम काढली, त्यात सतवाही होता. अशा खोलीत राहणाऱ्या मुलाने मुक्कामाचा पुरावा आणायचा कुठून?

व्हिडिओ कॉलवर तो खोलीचा एकच कोपरा दाखवतो. घरी वाटते, लेक मजेत आहे. अम्मी म्हणते, “यंदा मी येऊनच जाते, तुझे घर एकदा डोळ्यांनी बघते.” मुलाच्या तोंडून नाही निघत नाही. मग तो एजंट गाठतो. एजंट थोड्या पैशांत हॉटेलचे आरक्षण काढून देतो आणि व्हिसा हाती पडला की ते रद्द करतो. किंवा अनोळखी माणसाचा भाडेकरार जोडून देतो. ‘सगळे असेच करतात’ हे वाक्य त्यासोबत फुकट मिळते.

आता विमानतळावर काय होते ते बघा. अधिकारी विचारतो, कुठे राहणार? कागदावर हॉटेलचे नाव आहे. अम्मीच्या मनात मुलाचे घर आहे. ती खरे तेच सांगते: “बेट्याकडे.” कागद आणि जबाब जुळत नाहीत. हॉटेलला एक फोन केला की आरक्षण रद्द झाल्याचे कळते. मग वेगळ्या बाकावर बसवून ठेवणे, बाहेर उभ्या मुलाला फोन आणि कधीकधी पुढच्या विमानाने परत. खोटा कागद मुलाने विकत घेतलेला असतो, पण तो बोलून दाखवायची वेळ येते अम्मीवर. ज्या बाईने सारी उमर मुलांना खरे बोलायला शिकवले, तिला साठीनंतर परक्या मुलखात आपण या कोड्यात टाकतो. पैशांचे नुकसान भरून निघेल, तिची शरम भरून निघायला वेळ लागतो.

म्हणून घरच्यांना आमचे सांगणे आहे की बोलण्याची सुरुवात तुम्हीच करा. “बेटा, तिथे घर कोणाच्या नावावर आहे? आम्ही आलो तर नीट राहता येईल का?” एवढे सरळ विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी चेहरा पाडू नका. एकदा खरे कळले की रस्ते सापडतात. तिथे कुटुंबासह राहणारे मामा, चाचा किंवा बहीण-मेहुणे असतील, तर त्यांच्या राजीखुशीने त्यांच्याकडे उतरावे आणि कागदही त्यांचेच जोडावेत. तसे कोणी नसेल, तर दोन महिन्यांऐवजी दहा दिवस जावे आणि तेवढ्या दिवसांचे साधे हॉटेल-अपार्टमेंट खरोखर घ्यावे. मुलानेही ते दिवस तिथेच अम्मीबरोबर काढावेत, मात्र आरक्षणात त्याचेही नाव असू द्यावे. हिशेब मांडून तोही खर्च जड वाटला, तर त्याच पैशांत मुलाने तिकीट काढून ईदला घरी यावे. भेट महत्त्वाची, ती देऱ्यात झाली काय आणि दापोलीत झाली काय.

नोकरी शोधायला व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्या तरुणांसाठी एक शब्द. व्हिजिट व्हिसावर काम करण्याची परवानगी नसते. ‘विचारले तर फिरायला आलो म्हण, हॉटेलचा कागद मी देतो’ असे सांगणारा एजंट खिडकीवर तुमच्या शेजारी उभा राहणार नाही, हे ध्यानात ठेवा.

वडीलधारी माणसे एकटी जाणार असतील, तर तयारी घरीच करून घ्यावी. सगळे कागद छापून एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये द्या. मोबाइलमध्ये आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, उतरल्यावर नेट चालेलच असे नाही. पहिल्या पानावर मुलाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहा. नंबराच्या आधी ९७१ हा देशाचा क्रमांक हवा. हॉटेल असेल, तर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव आरक्षणात आहे ना ते बघा. तिघी बहिणी निघतात आणि आरक्षण एकीच्याच नावावर असते, असे घडते. दुबईच्या विमानतळावर हिंदी-उर्दू समजणारे बरेच भेटतात, त्यामुळे भाषेला घाबरण्याचे कारण नाही. तीन वाक्ये पाठ असली की पुरे: मी मुलाकडे आले आहे, इतके दिवस राहणार आहे, हे माझे परतीचे तिकीट. विचारले तेवढेच सांगावे. घाबरून नातवंडांची हकीकत सुरू केली की प्रश्न वाढतात.

उमऱ्याला जाणाऱ्यांचा मुक्काम बहुतेक वेळा टूरवाला ठरवतो, म्हणून आपण विचारत नाही. ते चुकते. २०२५ च्या जूनपासून, म्हणजे १४४७ हिजरीच्या उमरा हंगामासाठी, सौदी सरकारने उमऱ्याचा व्हिसा ‘नुसुक मसार’ या प्रणालीवर नोंदलेल्या हॉटेल कराराशी जोडला आहे. तेव्हा ‘हरमपासून जवळ’ एवढ्यावर समाधान मानू नका. मक्का आणि मदिना, दोन्ही ठिकाणच्या हॉटेलांची नावे आणि तारखा लेखी मागा व एक प्रत घरी ठेवा. वाट चुकलेल्या आजोबांना परत पोहोचवायलाही तोच कागद उपयोगी पडतो.

पूर्वेकडे फिरायला जाणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. सिंगापूर, मलेशिया आणि १ मे २०२५ पासून थायलंड, या तिन्ही देशांत पोहोचण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि त्यात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. सरकारी संकेतस्थळांवर हे फॉर्म मोफत आहेत. पैसे मागणारे पान उघडले, तर ते बंद करा.

नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात ते पुन्हा तपासून घ्या. पण त्याही आधी, तिकीट काढण्यापूर्वी, एका निवांत संध्याकाळी मुलाला फोन करा आणि पहिल्यांदा त्याच्या खोलीचे विचारा. कागदांचे मग बघता येईल.