दिल्लीची मस्टँग, पुण्याचा टॅक्स

दिल्लीतील जुनी फोर्ड मस्टँग पुण्यापेक्षा स्वस्त दिसते. मग व्हिडिओ कॉलवर गाडी पाहून टोकन पाठवले जाते. इथेच घाई नडते. दिल्लीची एनओसी मिळाली, तरी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात वापरायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि रोड टॅक्सही भरावा लागतो. पाच लिटरच्या व्ही-८ गाडीवर तो किरकोळ नसतो. दिल्लीत भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी अर्ज तिकडेच करायचा. स्वस्ताईचा बराच भाग इथेच संपू शकतो. कर्जाचा बोजा ‘परिवहन’ पोर्टलवर दिसतो, पण इंजिनाचे काय? व्हिडिओत रंग चमकतो. इंजिन आधीच गरम केले होते का, ते कळत नाही. दिल्लीतल्याच स्वतंत्र मेकॅनिककडून (विक्रेत्याच्या ओळखीचा नको!) थंड इंजिन सुरू करून पाहावे, ओबीडी स्कॅन करावे. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर टोकनही देऊ नये.