विश्लेषण : चेहऱ्यावरील जनुकीय गाठींवर लेझर… हा सौंदर्योपचार कसा?

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर आणि हनुवटीवर लालसर, टणक पुटकुळ्या दिसल्या की घरातले त्यांना मुरमे समजतात. मुरमांची मलमे लावूनही फरक पडत नाही. काही मुलांमध्ये या पुटकुळ्या म्हणजे ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस’ या दुर्मीळ जनुकीय आजाराची खूण असते. लेझरने त्या काढता येतात, पण या उपचाराकडे अजूनही ‘चेहरा सुंदर करण्याची हौस’ म्हणून पाहिले जाते. तो दृष्टिकोन बदलायला हवा.

हा आजार नेमका काय?

साधारण ६ ते १० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकांपैकी एकात बिघाड झाला की पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारी यंत्रणा ढिली पडते. मग मेंदू, मूत्रपिंड, हृदय, त्वचा अशा अवयवांत गाठी तयार होतात. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. बिघाड त्या मुलातच नव्याने झालेला असतो. त्यामुळे आईला किंवा तिच्या माहेरला दोष देण्यात काहीच अर्थ नाही.

चेहऱ्यावरील गाठींना ‘अँजिओफायब्रोमा’ म्हणतात. त्या रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊतींच्या बनलेल्या असतात आणि कर्करोगाच्या नसतात. बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात त्या दिसू लागतात आणि वयात येताना वाढतात.

मुरमे आणि या गाठींत फरक काय?

मुरमे सहसा किशोरवयात येतात, त्यात पू किंवा काळे टोक दिसते. या गाठी त्याआधीच येतात, पिकत नाहीत आणि आपोआप जात नाहीत. सोबत अंगावर फिकट पांढरे डाग असतील, आकडी येत असेल किंवा मूल शिकण्यात मागे पडत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाइतकीच मेंदूविकारतज्ज्ञाचीही गरज असते. चेहऱ्यावर अशा तीन किंवा अधिक गाठी असणे हा निदानाच्या प्रमुख निकषांपैकी एक आहे. म्हणूनच निदान न करता थेट लेझर मारणे धोक्याचे ठरते. चेहरा गुळगुळीत होईल, पण मेंदू आणि मूत्रपिंडातील गाठींची तपासणी राहून जाईल.

लेझर काय करते?

येथे मुख्यतः दोन प्रकार वापरले जातात. पल्स्ड डाय लेझरचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. त्यामुळे लाली कमी होते, लहान आणि सपाट गाठींना तो उपयोगी पडतो. कार्बन डायऑक्साइड लेझर पेशींतील पाण्याची वाफ करून उंच, जाड गाठी थराथराने काढते. मात्र जनुकातला दोष कायम असल्याने गाठी पुन्हा येऊ शकतात आणि उपचार अनेकदा करावे लागतात. लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागू शकते. सावळ्या त्वचेवर काळे-पांढरे डाग किंवा व्रण राहण्याची भीतीही अधिक. म्हणून हे काम ब्युटी पार्लरचे नव्हे, अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाचे आहे.

मलमाचा पर्याय आहे?

आहे. सिरोलिमस हे औषध पेशींची बेलगाम वाढ रोखते. त्याच्या चेहऱ्यावर लावायच्या जेलला जपानने २०१८ मध्ये आणि अमेरिकेने २०२२ मध्ये मान्यता दिली. लहान वयात, गाठी बारीक असताना ते अधिक उपयोगी ठरते. वापर थांबवला की गाठी परत वाढू शकतात. जुन्या, जाड गाठी आधी लेझरने काढून नंतर मलम लावणे हा व्यवहार्य मार्ग आहे. उन्हापासून चेहरा जपणेही गरजेचे.

मग अडचण कुठे?

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार सौंदर्योपचारांचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यांना सूट आहे. तसेच आरोग्याला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केले, तर त्यालाही. या गाठी जिवाला तातडीचा धोका देत नाहीत. त्यामुळे त्या या चौकटीत बसवणे कठीण जाते. पण खरचटल्यावर किंवा दाढी करताना त्यांतून रक्त येते, नाकाजवळ वाढल्यास श्वासाला अडथळा होऊ शकतो. शाळेत चिडवले जाणारे मूल लोकांत मिसळणे टाळू लागते, तो त्रास तर कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावत नाही.

भाजलेल्या चेहऱ्याची पुनर्रचना उपचार मानली जात असेल, तर जनुकीय आजाराने बदललेल्या चेहऱ्याला वेगळा न्याय का? निदान निश्चित झालेल्या रुग्णांसाठी विम्याच्या अटींत स्पष्ट अपवाद हवा आणि सरकारी रुग्णालयांत हा लेझर परवडणाऱ्या दरात मिळायला हवा. त्याच वेळी पालकांना स्पष्ट सांगायला हवे, की लेझरने चेहरा सुधारतो, आजार जात नाही. उपचार कधी करायचा हे ठरवताना, कळत्या वयाच्या मुलाचे मतही विचारायला हवे. चेहरा त्याचा आहे.